माझ्या गळ्यातलं जस्त

मित्रांनो, मी एक जुनी चूल आहे. मातीची नाही, लोखंडाची. एका हाताने उचलून कुठेही नेता येते अशी. बडनेऱ्यात मला सगळे 'रॉकेट चूल' म्हणतात. नाव मोठं असलं तरी काम साधंच आहे. मी आठवडी बाजारात जमिनीवर बसते आणि माझ्यावर वडे तळले जातात.

आपली गोष्ट सांगताना पुष्कळ वस्तूंना ऊर भरून येतो. मला मात्र मान खाली घालूनच बोलावं लागतं. तरीही सांगते, कारण ज्याने मला घडवलं त्यानेच मला सांगायला शिकवलं. तो आधी गप्प राहायला शिकला होता. सांगायला तो फार उशिरा शिकला, आणि त्या उशिराचीच ही गोष्ट आहे.

त्याचं नाव संघपाल. बडनेऱ्यात रेल्वे फाटकाच्या अलीकडे त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. पुढे पत्र्याची शेड आणि मागे घर. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, गुरांसाठी गव्हाणी असं काहीही तो बनवतो. हात इतका सफाईदार, की सांधा कुठे आहे ते बोट फिरवूनही कळू नये. त्याची बायको भावना आशा सेविका आहे. वस्तीत कोणाला ताप आला, कोणाच्या बाळाला डोस द्यायचा राहिला, हे सगळं तिच्या वहीत असतं.

त्यांच्या घरापासून तिसऱ्या घरात माणिकबाई राहतात. साठी उलटलेली एकटी बाई. आठवड्यातून तीन बाजार करतात. एक बडनेऱ्याचा, दोन आसपासच्या गावांचे. उडदाच्या डाळीचे वडे तळायचे, दह्यात सोडायचे, वरून तिखट चटणी घालायची. गिला वडा म्हटलं की अमरावतीकडच्या माणसाला जास्त सांगावं लागत नाही. त्या तीन विटा मांडून चूल पेटवायच्या. जळण म्हणजे भावाच्या वावरातल्या पऱ्हाट्या, कापूस वेचून झाल्यावर उरणारी वाळलेली झाडं. पऱ्हाटी चांगली जळते, पण विटांच्या उघड्या चुलीत तिचा धूर फार होतो. माणिकबाईंना दमा होता. शेजारचा बांगड्यांचा दुकानदार कुरकुरायचा आणि त्या खोकत खोकत वडे तळायच्या.

एकदा दिवाळीच्या आधी त्या संघपालच्या शेडमध्ये येऊन बसल्या. मी तेव्हा जन्मले नव्हते. हे मी त्याच्याच तोंडून पुढे अनेकदा ऐकलं.

"संघपाल, तू येवढे मोठे मोठे गेट बनवतं. माह्यासाठी एक चूल नाही बनवत? धूर नाही झाला पायजे, अन् मले उचलता आली पायजे."

"पायतो, मावशी," तो म्हणाला.

आणि खरोखरच तो मागे लागला. मोबाईलवर त्याने तशा चुली पाहिल्या, पण पाहून तो समाधान मानणारा नव्हता. शेडच्या फरशीवर त्याने खडूने माझं चित्र काढलं. एक आडवा नळ, त्यात पऱ्हाट्या सारायच्या. त्याला काटकोनात जोडलेला एक उभा नळ, तो माझा गळा. जाळ खालून आत ओढला जातो, गळ्यातून वर चढतो, आणि चढता चढता धूरही जळून जातो. म्हणून वर येते ती नुसती आच. गळ्याभोवती तेलाचा रिकामा डबा, आणि डबा व गळा यांच्या मधल्या जागेत चाळलेली राख ठासून भरायची, म्हणजे उष्णता बाहेर जात नाही आणि डब्याला हात लावला तरी भाजत नाही.

सांगायला हे सोपं वाटतं. पहिल्यांदा त्याने गळा आखूड ठेवला, तर धूर उलटा तोंडातून बाहेर आला आणि भावना वाळत घातलेले कपडे घेऊन आत पळाली. मग त्याने गळा हातभर केला. तरी जाळ मंद. दोन दिवस तो माझ्यासमोर उकिडवा बसून नुसता बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याने आडव्या नळात मधोमध एक पत्र्याची फळी बसवली. फळीच्या वर पऱ्हाट्या, खालची जागा हवेसाठी मोकळी. तेव्हा माझ्या गळ्यातून असा आवाज निघाला, की भावना दारात येऊन उभी राहिली. लांबून मालगाडी यावी तसा खोल घुमणारा आवाज. संघपाल हसला. ते हसू मला अजून आठवतं. तो माणूस वाईट नव्हता, मित्रांनो, हे मी आधीच सांगून ठेवते.

हे सगळे प्रयोग जुन्या डब्यांवर आणि पत्र्याच्या गुंडाळ्यांवर झाले. आता खरी, टिकणारी चूल करायची होती. त्यासाठी जाड पाईप हवी. काळी लोखंडी पाईप अमरावतीला मिळाली असती, पण शेडच्या कोपऱ्यात बोअरच्या कामातून उरलेली चार इंची पाईप पडलेली होती. ती जस्ताचा मुलामा दिलेली होती, म्हणून चकचकीत, करडी. आणि माणिकबाईंचा बाजार दुसऱ्या दिवशी होता.

संघपालला धंदा शिकवला तो खुशालराव मिस्त्रींनी. ते आता नाहीत. त्यांनी त्याला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं, की जस्ताची पाईप घासून मुलामा उतरवल्याशिवाय तिच्यावर आच धरायची नाही. जस्त तापलं की त्याची वाफ होते, ती श्वासात गेली की माणसाला ताप भरतो. संघपालला हे नुसतं ऐकून माहीत नव्हतं. विशी ओलांडल्यावर एकदा त्याने एका बंद खोलीत जस्ताची टाकी जोडली होती आणि संध्याकाळी खुशालरावांच्या घरी गोधडीत कुडकुडत पडला होता.

त्याने माझी पाईप बाहेरून घासली. सांध्यांपाशी घासली. आतून घासायला ग्राइंडर शिरत नव्हता. त्याने कानस बांधून एक लांब सळई केली, दहा-पंधरा वेळा मागेपुढे केली, आणि ठेवून दिली.

"पहिल्या जाळात जळून जाईन सारं," तो स्वतःशीच म्हणाला.

अंगणात त्याने मला पेटवलं. माझ्या गळ्यातून पांढरा धूर निघाला, पिंजलेल्या कापसासारखा. तो धूर पाहताच संघपाल उठला आणि वारा जिकडून येत होता त्या बाजूला जाऊन उभा राहिला. मित्रांनो, मला सर्वांत जास्त लाज वाटते ती या एका गोष्टीची. त्याला कुठे उभं राहायचं ते कळत होतं. पांढरा धूर कमी झाला तसा त्याने मला विझवलं, काळा रंग दिला, दोन बाजूंना कड्या लावल्या आणि सकाळी माणिकबाईंच्या हवाली केलं.

त्यानंतरचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. बाजारात माझ्याभोवती माणसं जमायची. मूठभर पऱ्हाट्यांवर कढईतलं तेल तापायचं. बांगडीवाला स्वतः येऊन माझ्यावर हात धरून बघायचा. माणिकबाई सगळ्यांना सांगायच्या, "आमच्या संघपालनं बनवली. पाय, डोळ्याले पानी नाही का काई नाही." डोळ्याला धूर लागत नव्हता, म्हणून त्या माझ्यावर अगदी वाकून बसायच्या. जाळ कसा आहे ते बघायला कढईच्या काठापाशी चेहरा आणायच्या. पूर्वी धुरामुळे त्या निदान लांब तरी बसत होत्या.

आणि कढईच्या काठातून जी आच बाहेर पडायची, तिच्यात माझ्या गळ्यातलं जस्त होतं. एका जाळात ते जळून जाणार नव्हतं. मी जितकी चांगली पेटायचे, तितकं ते खरवडून निघायचं.

पहिल्या बाजारानंतर संध्याकाळी माणिकबाईंना हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. पुढच्या बाजारानंतर पुन्हा तेच. दोन आठवड्यांत त्या उतरून गेल्या. भावनाने बोटाला सुई टोचून रक्त घेतलं, मलेरियासाठी तपासायला पाठवलं. तपासणीत काही निघालं नाही. दवाखान्यातून गोळ्या आणल्या. बाजार नसलेल्या दिवशी त्या ठणठणीत असत, म्हणून सगळे म्हणाले, उन्हातान्हात दगदग होते, वय झालं. त्यांनाही तेच पटलं.

याच सुमारास अकोल्याला भरणाऱ्या एका शेती प्रदर्शनात घरगुती जुगाडांचा एक विभाग ठेवला होता. कोणीतरी संघपालचं नाव सुचवलं. त्याने माणिकबाईंकडून चार दिवसांसाठी मला मागून आणलं, धुतलं, पुसलं, नवा रंग दिला. मी शेडमध्ये वाळत होते आणि तो तिथेच जेवायला बसला होता. भावना त्याला वाढत होती.

"मावशीचा ताप काई समजत नाही," ती म्हणाली. "रक्त साफ आहे. बाजार केला का चढते, सकाळी उतरते. अन् म्हनते का तोंड गोड गोड लागते. पानीही गोड लागते म्हनते."

संघपालचा हात ताटातच थांबला. खुशालरावांच्या घरी, त्या गोधडीत, त्यालाही पाणी गोड लागलं होतं. ती चव माणूस विसरत नाही.

"काय झालं?" भावनाने विचारलं.

"काई नाही."

"मंग जेव ना."

तो जेवला नाही. हात धुऊन माझ्याजवळ आला, मोबाईलचा दिवा लावला आणि माझ्या गळ्यात डोकावला. आत चुन्यासारखी पांढरी पूड बसली होती. त्याने बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि ते पँटला पुसून टाकलं. मग दिवा बंद केला.

मला वाटलं, आता हा मला फोडेल. निदान भावनाला हाक मारेल. पण परवा अकोल्याला जायचं होतं. प्रदर्शनाच्या पत्रिकेत नाव छापून आलं होतं, वस्तीतल्या लोकांनी ती पत्रिका चहाच्या टपरीवर चिकटवली होती. त्याच्या बापाचं नाव असं कधी कुठे छापलं गेलं नव्हतं. तो शेडचं दार लावून आत गेला.

अकोल्यात मला पांढऱ्या चादरीवर ठेवलं होतं. तीन दिवस माणसांची रीघ. पाहुणे आले, त्यांनी संघपालच्या खांद्यावर शाल घातली, हातात प्रशस्तिपत्र दिलं. कोणीतरी माझ्या डब्यालाही झेंडूची माळ घातली. मी काळ्या रंगात चमकत होते. मी सगळं मुकाट्याने घेतलं. मित्रांनो, कौतुक चालू असताना आपल्या आत काय आहे ते आठवत असतं, फक्त आपण त्याच्याकडे बघत नाही.

दुसऱ्या दिवशी मोझरीकडच्या एका गावच्या बायका आल्या. बचत गटाच्या. त्यांच्या पुढे सुभद्रा नावाची उंच बाई होती. तिने मला खाली बसून नीट पाहिलं. फळी काढून पाहिली, कड्या हलवून पाहिल्या, मापं वहीत लिहून घेतली. असं बघणारी माणसं कमी असतात.

"भाऊ, आमच्याकडं बोअरची जुनी पाईप पडून आहे," ती म्हणाली. "जस्ताची. थे चालते का?"

प्रश्न अगदी साधा होता. 'नाही' म्हणावं, काळी पाईप घ्या म्हणावं, एवढंच. पण 'नाही' म्हटलं असतं तर तिने पुढे विचारलं असतं, "काहून? अन् ह्या चुलीत कोनती आहे?" आजूबाजूला माणसं उभी होती. पाहुणे दोन पावलांवर होते.

"चालते," संघपाल म्हणाला.

सुभद्राने ते वहीत लिहून घेतलं. लिहिताना तिने ओठ हलवले. मी ते पाहिलं आणि संघपालनेही पाहिलं.

प्रदर्शनाहून परतलो त्याच संध्याकाळी माणिकबाई मला न्यायला आल्या. दुसऱ्या दिवशी बाजार होता. चार दिवसांच्या विश्रांतीने त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला होता. त्यांनी आधी शाल पाहिली, हात फिरवून पाहिली. मग माझी कडी धरली.

"मावशी, उद्या नको नेऊ," संघपाल म्हणाला.

"काहून?"

त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलं.

"काई नाही. ने," तो म्हणाला.

माणिकबाईंनी मला उचललं. जाताना त्या म्हणाल्या, "नाव काढलं रे बापू तू." तो खाली बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशीचा बाजार मोठा होता. सकाळपासून माझ्यावर कढई होती. दुपार उलटली तशी माणिकबाईंना कापरं भरायला लागलं. त्यांनी पदर अंगाभोवती घट्ट घेतला. बांगडीवाला म्हणाला, "बाई, बंद करा आता." त्यांनी मान डोलावली आणि कढई उतरवायला दोन्ही कान धरले. कढई माझ्यावरून सुटली. उकळतं तेल त्यांच्या उजव्या पायावर गेलं.

त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या खाली बसल्या आणि पायाकडे बघत राहिल्या. माणसं धावली, कोणी पाणी ओतलं, कोणी रिक्षा आणली. मी तिथेच पेटलेली राहिले. मला विझवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. पऱ्हाट्या संपेपर्यंत मी एकटी, रिकामी, छान बिनधुराची जळत होते.

सामानाबरोबर मला कोणीतरी माणिकबाईंच्या अंगणात आणून टाकलं. आठवड्याने त्या दवाखान्यातून घरी आल्या. अंगणात खाट टाकली होती, पाय उशीवर, घोट्यापासून बोटांपर्यंत पांढरी पट्टी. भावना रोज पट्टी बदलायला यायची. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. पुढे कळलं, संघपालने अपघाताच्या दिवशीच घरी तिला सगळं सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं होतं आणि एवढंच म्हणाली होती, "मले सांगून काय होते? जिचा पाय जळला तिले सांग." त्याला तिसऱ्या घरापर्यंत पोचायला एक आठवडा लागला.

तो आला तेव्हा सकाळचं ऊन अंगणात होतं. खाटेवर बसला नाही, स्टूलवर बसला नाही, माझ्याजवळ जमिनीवर बसला.

"मावशी, तुले जो ताप येत होता, थो मलेरिया नोता. थो या चुलीचा होता."

माणिकबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"आतली पाईप जस्ताची आहे," तो म्हणाला. "थे तपली का तिची वाफ होते. थे तुह्या छातीत जात होती. मी आतून घासली नाही."

"तुले तवा समजत नोतं?"

"समजत होतं."

"अन् ताप याचाच आहे, हे कवा समजलं?"

"अकोल्याले जायच्या आधी. भावना म्हने, मावशीले पानी गोड लागते. तवाच समजलं."

अंगणात एक कोंबडी माझ्या फळीखालची राख उकरत होती. माणिकबाईंनी तिला हाकललं नाही.

"मी घ्याले आली होती," त्या हळू म्हणाल्या. "तू म्हनला, नको नेऊ. मी इचारलं काहून. आठोते?"

"आठोते."

"मंग?"

त्याने दोन्ही हात जोडले. माणिकबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की राग, मला दिसलं नाही. मग भिंतीकडे बघतच त्यांनी विचारलं, "अजून कोनाले देली का अशी चूल?"

"देली नाही. पन मोझरीकडच्या बाया होत्या. त्याइनं इचारलं, जस्ताची चालते का. मी चालते म्हनलो."

आता त्या वळल्या. "त्याइले सांगतलं का?"

"नाही."

"मंग इथं हात जोडून काय बसला? तिकडं जा. अन् हिले घेऊन जा. तोंडी नको सांगू, दाखव."

त्याने मला मोटारसायकलच्या मागे दोरीने बांधलं आणि तसाच निघाला. जेवलाही नाही. सुभद्राचं घर सापडायला वेळ लागला नाही. तिच्या अंगणात दोन चुली उभ्या होत्या, हुबेहूब माझ्यासारख्या. मापं बिनचूक, सांधेही बरे. त्या माझ्या बहिणी पाहून मला जे वाटलं ते कोणत्याही चुलीला वाटू नये.

सुभद्रा हसत सामोरी आली. "या भाऊ. पाहा, तुमी सांगतली तशीच बनवली. यातली जी आमच्या गटातली जया वापरते, थे चांगली जळते, पन तिले दोन दिवस झाले थंडी-ताप आहे."

संघपालने मला खाली ठेवलं. सगळ्या बायांना बोलावून घ्या म्हणाला. आठ-दहा जणी जमल्या. त्याने छिन्नी-हातोडा काढला, माझ्या डब्याचं झाकण तोडलं, राख ओतून टाकली आणि माझा गळा करवतीने उभा कापला. मित्रांनो, कापताना मला दुखलं असं मी म्हणणार नाही. उघडं पडण्याची भीती मला फार दिवस होती, आणि एकदा उघडी पडल्यावर ती गेली. गळ्याच्या दोन फाका त्याने उन्हात धरल्या. आतली पांढरी पूड, खालून वर चढत गेलेली, सगळ्यांना दिसली.

"मी तुमाले खोटं सांगतलं," तो म्हणाला. मग जस्त, ताप, माणिकबाईंचा पाय, सगळं सांगितलं. शालसुद्धा सांगितली.

सुभद्राने घरातून ती वही आणली. प्रदर्शनात लिहिलेल्या ओळीवर तिने काट मारली, आणि वही त्याच्यापुढे धरली.

"आता तुमीच लिहा. बरोबर काय आहे थे. अन् खाली सही करा."

त्याने लिहिलं. अक्षर वाकडं आलं. परत जाण्यापूर्वी त्याने त्या दोन्ही चुलींचे गळे कापून काढले. जयाचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला आणि पुन्हा आला नाही, असं सुभद्राने नंतर फोन करून कळवलं.

अमरावतीहून काळी पाईप आणून संघपालने आधी त्या गावच्या चुली करून दिल्या, आणि सर्वांत शेवटी मला नवा गळा बसवला. पहिल्या दिवशी दिवसभर त्याने मला अंगणात पेटवलं. या वेळी तो वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला नाही. स्टूल घेऊन माझ्यावर वाकून बसला, सकाळपासून ऊन कलेपर्यंत. भावना मधूनमधून दारात येऊन बघून जायची. संध्याकाळी तिने त्याच्या कपाळाला हात लावला, पाणी दिलं आणि विचारलं, "कसं लागते?"

"पान्यासारखं," तो म्हणाला.

मग तो मला घेऊन माणिकबाईंकडे गेला. त्यांनी मला ठेवून घेतलं नाही. पण बाजार बुडून चालणार नव्हता आणि त्यांना अजून उभं राहता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "पाय बरा होयेपर्यंत वडे तू तळ. मी खुर्ची टाकून बसतो. अन् कोनी इचारलं का पायाले काय झालं, तं खरं सांगजो."

दोन महिने तो आपलं दुकान बाजाराच्या दिवशी बंद ठेवून वडे तळत होता. पहिले वडे कच्चे राहिले, मग जळले, मग जमले. गिऱ्हाईक विचारायचं, "वेल्डर काहून वडे तळून राहिला?" आणि तो सांगायचा. दर वेळी पूर्ण सांगायचा. काही जण ऐकून न खाताच निघून जायचे. बांगडीवाला पंधरा दिवस त्याच्याशी बोलला नाही. गेटची दोन कामं हातची गेली. माणिकबाई खुर्चीवरून ऐकत असायच्या. त्याने एखादी गोष्ट गाळली तर म्हणायच्या, "अन् शाल?" मग तो शालही सांगायचा.

आता त्यांचा पाय बरा आहे. कातडी आखडली आहे, चप्पल तिरकी पडते, पण चालतात. वडे पुन्हा त्याच तळतात, माझ्यावरच. माझा गळा आता स्वच्छ काळा आहे. पण मित्रांनो, माणिकबाई माझ्यावर वाकत नाहीत. हात लांब करून वडे सोडतात आणि चेहरा एका बाजूला वळवून ठेवतात. ताप थांबून किती दिवस झाले, तरी संध्याकाळी घरी गेल्यावर त्या आधी घोटभर पाणी तोंडात धरतात, चव बघतात आणि मगच गिळतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर मला जरा हलकं वाटलं असतं.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. मोठे व्हाल तेव्हा तुम्हीही हातांनी काही ना काही घडवाल. खुर्ची घडवाल, पाळणा घडवाल, घर बांधाल. बाहेरून रंग द्यायला विसरू नका, पण जिथे हात पोचत नाही तिथे पोचेपर्यंत थांबा. आणि चुकलंच, तर ज्याला त्रास होणार आहे त्याच्या घरी लगेच जा. तिसरं घर फार लांब नसतं. संघपालला तिथे जायला एक आठवडा लागला, आणि त्याआधी अकोल्याचे ते सगळे दिवस. तेवढ्यात एका बाईचा पाय जळला. मी पाहिलं आहे. माझ्यावरच तर कढई होती.